गिरणीच्या जुन्या भिंतींत घरं का नाही झाली?

काळाचौकीकर

नमस्कार मंडळी. आमच्या गॅलरीतून इंडिया युनायटेड दोन-तीन नंबरचं आवार दिसतं. तिथं महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचंय, म्हणजे ती इमारत तरी वाचेल. बाकी आजूबाजूचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत गिरण्यांची मिळून सहाशे एकरांच्या आसपास जमीन होती. तिच्यावर आता टॉवर, मॉल, ऑफिसं. जिथं जुनी शेड उभी आहे तिथं बिअर मिळते.

परवा मावसबहिणीनं अमेरिकेतून तिच्या नव्या भाड्याच्या घराचे फोटो पाठवले. घर १९व्या शतकातल्या कापडगिरणीत. उघड्या विटांची भिंत, मिठी मारली तर हात पुरणार नाहीत असे लाकडी खांब, जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत खिडकी. आईला दाखवले तर म्हणाली, "अगोबाई, सूतखातंच दिसतंय, फक्त साफ केलेलं." आजोबांचा डबा घेऊन ती लहानपणी गेटापर्यंत जायची.

तर प्रश्न असा. आपल्याकडे इतक्या गिरण्या होत्या, घरांची टंचाई तर पाचवीला पुजलेली, आणि इमारती दगडी, भक्कम. मग एकाही गिरणीच्या इमारतीत घरं का झाली नाहीत? गिरणीच्या *जमिनीवर* घरं झाली हे माहीत आहे. मी गिरणीच्या *भिंतींत* म्हणतेय. माझं मत सांगून टाकते: होऊ शकली असती. ज्यांना बांधकामातलं कळतं त्यांनी बोलावं, ज्यांना कळत नाही त्यांनीही बोलावं, नाहीतर धागा चालणार कसा.

---

आगाऊ_अण्णा

उत्तर तीन अक्षरांत: एफ, एस, आय. धागा बंद करा, चहा घ्या.

---

सिव्हिलवाला

अण्णांचं उत्तर (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते) बरोबर आहे, पण ते दुसरं उत्तर आहे. पहिलं इमारतीचं.

गिरणी म्हणजे एक इमारत नसते. ढोबळमानानं दोन जाती. सूतखात्याची इमारत तीन-चार मजली, बाहेरून दगडी, आत बिडाचे किंवा सागवानी खांब, वर लाकडी किंवा लोखंडी तुळया. साचेखातं, म्हणजे मागांचं खातं, मात्र जमिनीवरच, कारण शेकडो साचे एका वेळी खडखडायला लागले की वरच्या मजल्याचं काही खरं नाही. साचेखात्याला करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. दात्याची उभी बाजू उत्तरेकडे आणि काचेची, म्हणजे दिवसभर उजेड येतो पण ऊन येत नाही. भिंतीला खिडक्या जवळजवळ नाहीतच, कारण आत दमटपणा टिकवायचा असायचा. हवा कोरडी झाली की सूत तुटतं.

आता घर करायचं तर साचेखातं बाद. मधल्या घराला खिडकी कुठून आणणार? तिथं बाजार, शाळा, वाचनालय, व्यायामशाळा, काहीही करा, घर नको. सूतखातं मात्र घरासाठी चांगलं. मजल्याची उंची चौदा-पंधरा फूट, यंत्रांच्या वजनासाठी बांधलेला मजला, म्हणजे माणसांचं आणि गोदरेजच्या कपाटांचं वजन त्याला किस झाड की पत्ती.

अडचणी तीन. एक, तेल. शंभर वर्षं यंत्रांचं तेल प्यायलेली लाकडी जमीन ती. ठिणगी पडली की संपलं. एका बंद गिरणीच्या पाहणीला गेलो होतो, तिथं फळीवर चाकूचं टोक ओढलं तर काळा मेणासारखा थर निघाला, खाली लाकूड दिसायला दोन-तीनदा खरवडावं लागलं. दोन, संडास-मोऱ्या. गिरणीत ते एका कोपऱ्यात, स्वतंत्र मनोऱ्यात असत. घरागणिक मोरी म्हणजे प्रत्येक मजल्याला भोकं आणि उभे शाफ्ट. तीन, ॲस्बेस्टॉस, विशेषतः नंतर घातलेल्या पत्र्यांत. तिन्हींवर उपाय आहेत, तिन्हींना पैसा लागतो.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या "अशक्य" हे उत्तर नाही.

---

पोटमाळा_प्रेमी

पंधरा फूट उंची!!! अहो सिव्हिलवाले, हे आधी सांगायचं. पंधरा फुटांत गिरगावकर माणूस एक पोटमाळा, पोटमाळ्यावर एक माळा आणि माळ्यावर गणपतीची मखरं एवढं बसवतो. २२५ फुटांची खोली द्या, आम्ही साडेचारशे करून दाखवतो.

---

आगाऊ_अण्णा

@पोटमाळा_प्रेमी, आणि पोटमाळ्यावर भाडेकरू. हलके घ्या.

---

नॅशुआची_नमू

मी न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआत राहते आणि आमचं पहिलं घर असंच गिरणीत होतं. नॅशुआ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, १८२३ची. आता त्या इमारतींना क्लॉकटॉवर प्लेस म्हणतात. आयटीवाल्या देशी जनतेची तिथं कायम ये-जा. दिवाळीत कॉरिडॉरमध्ये चकलीच्या भाजणीचा वास येतो.

राहायला कसं वाटतं? खिडकी अप्रतिम. हिवाळ्यात उजेडासाठी जीव टाकणाऱ्या प्रदेशात ती खिडकी म्हणजे पगारवाढ. पण वरच्या घरात मूल धावलं की लाकडी जमिनीतून आपल्या कपाळावर धावतं. भिंत सरळ नाही, खांब नेमका जिथं सोफा हवा तिथं. आणि विटेच्या भिंतीत खिळा ठोकायला परवानगी नाही, त्यामुळे देवघर कोनाड्याऐवजी बुकशेल्फात.

इथून जवळच लोवेल आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये. १८२०-३०च्या काळात कालव्याच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांचं ते गावच वसवलं. आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली कामाला यायच्या आणि कंपनीच्या खोल्यांत राहायच्या. गिरण्या दक्षिणेकडे गेल्या, गाव ओस पडलं. १९७८ साली तिथं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. बूट मिलच्या एका मजल्यावर अजून साचे चालवून दाखवतात, आत जाताना कानात घालायला बोळे देतात. तेवढ्या आवाजात बायका दहा-बारा तास कशा उभ्या राहिल्या असतील असं वाटतं. त्याच आवारातल्या बाकी इमारतींत घरं, ऑफिसं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या गिरण्या वाचल्या कारण कित्येक दशकं त्या जमिनीला कुणी विचारतच नव्हतं. पाडायचा खर्चही कोण करणार? नंतर सरकारनं सवलत आणली. अधिकृत ऐतिहासिक इमारत नियमांप्रमाणे, म्हणजे खिडक्या-खांब-दर्शनी भाग न बिघडवता दुरुस्त करून भाड्यानं दिली, तर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय आयकरातून वजा. अनेक राज्यं वर आपली सवलत देतात. मग गणित जमलं. प्रेमापोटी नाही झालं हे.

---

वकिलीणबाई

नमूचं शेवटचं वाक्य मुंबईला उलटं लावा.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. लोकांना त्यातला "एक तृतीयांश" आठवतो: एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. पण त्याच नियमात आहे ते बांधकाम ठेवून त्याचा वापर बदलायची मुभा होती, अगदी व्यापारी वापरासाठीसुद्धा. वाटे पाडायचे ते मोकळ्या जमिनीचे आणि पुनर्विकासाच्या जमिनीचे. म्हणजे मालकाच्या बाजूनं विचार करा. जुनी शेड न पाडता तिच्यात ऑफिसं, दुकानं, बोलिंग ॲली टाकली तर जमीन वाटायला नको. लोअर परळच्या फिनिक्स मिलची सुरुवात आठवा. काळाचौकीकर, तुमच्या जुन्या शेडमध्ये बिअर मिळण्याचं मूळ इथं आहे. जुन्या भिंतींचा पुनर्वापर आपल्याकडे *झाला*, पण ज्या वापरात चौरस फुटाला सगळ्यात जास्त भाडं तोच. घर त्या शर्यतीत नव्हतंच.

मग २००१ची दुरुस्ती. वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची, बांधकाम पाडून मोकळी झालेली जमीन त्यात धरायची नाही. गिरणी म्हणजे आवारभर बांधकामच, मोकळी जमीन असणार किती? आता पाडलं तरी वाटा जात नाही, मग शेड ठेवायचं कारण उरलं नाही. पर्यावरणवाले उच्च न्यायालयात गेले, ऑक्टोबर २००५मध्ये जिंकले. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. मधल्या काळात, २००५मध्ये, एनटीसीच्या, म्हणजे सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, गिरण्यांचे लिलाव झाले. एकटी मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली. ७०२ कोटी मोजणारा माणूस सूतखात्याच्या खिडक्या पुसत बसेल का?

चार्ल्स कोरिया समितीनं १९९६च्या सुमाराला सगळ्या एनटीसी गिरण्यांचा एकत्रित आराखडा मांडला होता. सुट्या सुट्या तुकड्यांऐवजी एकत्र विचार, सलग मोकळ्या जागा, स्टेशनांकडे जायला वाटा. तो कागदावर राहिला. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली तेव्हा मला तो आराखडा आठवला होता. गिरणीची पाळी सुटायची तेव्हा माणसं चालत चाळीत जायची. ऑफिस सुटलं की तितकीच माणसं स्टेशनवर.

---

आगाऊ_अण्णा

म्हणजे थोडक्यात एफ, एस, आय. मी आधीच म्हणालो होतो, पण माझ्या प्रतिसादाची कुणी वाचनखूण साठवत नाही.

---

बदली_कामगार

आयडी गमतीनं घेतलाय, पण वडील खरंच बदलीवर होते. रोज सकाळी गेटावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. पुढं कायम झाले, आणि १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर आली. पुढचं सांगत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे आणि ते पाठ म्हणून दाखवायचा मला कंटाळा आलाय.

मला वेगळंच सांगायचंय. उघड्या विटा, उंच खिडक्या, सागवानी खांब, छान आहे सगळं. पण माझ्या वडलांना कुणी म्हणालं असतं की तुमच्याच खात्यात तुम्हाला खोली देतो, तर ते नाही म्हणाले असते. पाळीवरून आले की त्यांच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापूस बसलेला असायचा. आई दारातच फडक्यानं झटकायची, कारण आत आला की तो भाकरीवर बसतो. पन्नाशीत खोकला लागला तो शेवटपर्यंत. सोमवारी जास्त यायचा, सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळायची. डॉक्टर विडीला बोल लावायचे. वडील विडी ओढत नव्हते.

ज्यांना त्या भिंतींचं कौतुक वाटतं त्यांचं बरोबर असेल. आम्हाला त्या भिंती नको होत्या, त्यांच्या बदल्यात कबूल केलेलं घर हवं होतं, त्याच वस्तीत. पावणेदोन लाखांच्या घरात अर्ज आणि २०१२पासून २०२०पर्यंतच्या गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतींत मिळून १५,८७० घरं, त्यातली २,४१७ पनवेलजवळ कोनला. आता बदलापूरच्याही पुढची शेलू-वांगणीची घरं दाखवतात. लालबागचा माणूस वांगणीला! आमचं नाव कुठल्याच यादीत नाही. वडील यादीची वाट बघत गेले, आता वारस म्हणून माझा नंबर.

---

काळाचौकीकर

@बदली_कामगार, हे वाचून दोन दिवस काय लिहावं कळलं नाही. सोमवारच्या खोकल्याचं माझ्या आजोबांचंही आई सांगते. तरी मुद्दा सोडत नाही. नको त्या भिंती पाडून तुम्हाला घर मिळालं असतं तर मी गप्प बसले असते. भिंतीही गेल्या आणि घरही नाही, असंच झालं ना?

---

बदली_कामगार

हो. तेच झालं.

---

मँचेस्टरचा_मन्या

उशिरा आलो. इथं मँचेस्टरला अँकोट्स नावाचा भाग आहे, कापडगिरण्यांचं माहेरघर. मरे मिल्स १७९८च्या. कालव्याच्या कडेनं चाललं की मैलभर नुसत्या लाल विटांच्या भिंती. रॉयल मिलमध्ये आता फ्लॅट आहेत, मधल्या चौकावर काचेचं छप्पर टाकलंय. लँकेशायरच्या उशिराच्या गिरण्या खूप खोल असतात, मधोमध अंधार. म्हणून चौक करून उजेड आत आणावा लागतो. सिव्हिलवाले सांगतील.

गंमत म्हणजे मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं इथूनच गेलेली. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची पाटी ज्यांनी गिरणीत काम केलंय त्यांना आठवेल. यंत्रं तिकडे गेली, मुंबई स्वस्तात सूत काढायला लागली, आणि पुढं इकडच्या गिरण्या बसायला हातभार लागला. मग मुंबईच्याही बसल्या.

इथली भिंत वाचली, माणसं नाही. अँकोट्समध्ये कामगारांची मुलं राहत नाहीत. मरे मिल्स फ्लॅट करणाऱ्या कंपनीत नगरपालिकेबरोबर अबुधाबीचा पैसा आहे, आणि तिथल्या योजनांत परवडणारी घरं नाहीत म्हणून बरीच टीका झाली. खाली आंबट पावाची बेकरी, वर वकील आणि आयटीवाले. मीही त्यातलाच, त्यामुळे फार बोलत नाही.

---

सोलापुरी_चादर

मुंबई म्हणजे महाराष्ट्र न्हवं, एवढं सांगून सुरुवात करतो.

आमच्या सोलापुरात जुनी मिल १८७७ची. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सगळ्या बसल्या. भोंग्यावर घड्याळ लावायचं गाव. इथं जमीन काही लोअर परळच्या भावानं जात नव्हती, तरी वाचवल्या का? नाही. म्हणजे एफएसआय हे पूर्ण उत्तर नाही, अण्णा. वारसांचे वाद, बँकांची कर्जं, कामगारांची देणी, कोर्टात वीस वीस वर्षं. तोवर पत्रे चोरीला, मग खिडक्यांच्या चौकटी, मग तुळया. छप्पर गेलं की दोन पावसाळ्यांत भिंत फुगते. इमारत पाडावी लागत नाही, नुसतं वाट बघायची.

---

नागपुरी_तडका

एम्प्रेस मिलचं नाव घेतलं नाही कोणी? जमशेटजी टाटांची, १ जानेवारी १८७७ला सुरू, व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून ते नाव. आता तिथं मॉल आहे. नाव मात्र एम्प्रेसच ठेवलं बरं का, नावाला एफएसआय लागत नाही.

---

कोल्हापुरी_ठसका

आमची शाहू मिल अजून उभी हाय. १९०६ साली शाहू महाराजांनी काढलेली. २०२२च्या कृतज्ञता पर्वात तिथं प्रदर्शनं भरली तेव्हा आख्खं कोल्हापूर आत जाऊन आलं. मी पहिल्यांदाच आत गेलो. एवढी उंच छपरं, एवढा गार वारा. पण तिथं घरं? नाद करायचा नाय. महाराजांचं स्मारक व्हणार तिथं.

---

पोटमाळा_प्रेमी

कुलाब्याची मुकेश मिल राहिली की. तिथं इतक्या भुतांच्या सिनेमांचं शूटिंग झालंय की भुतांची सोसायटी रजिस्टर करता येईल. भोगवटा प्रमाणपत्राचा प्रश्न नाही, भुतं आधीपासून राहतात.

---

आगाऊ_अण्णा

भुतांना २२५ फुटांत राहता येतं का विचारा आधी. आली तर उत्तम सोय, भिंतीतून जातात, पॅसेज सोडायला नको.

---

मालवणी_मसाला

विषयांतर होतंय पण राहवत नाही. गिरणीच्या भिंतींबद्दल बोलताय, गिरणगावातली माणसं राहायची कुठं आणि जेवायची कुठं ते कुणी लिहिलंच नाही.

कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून आलेले गडी गावकऱ्यांच्या गाळ्यात राहायचे. एका खोलीत वीस-वीस जण, पाळ्या वेगळ्या, म्हणून एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडायची. जेवण खानावळीत. माझी आजी खानावळवाली. सकाळच्या पाळीचे, दुपारच्या पाळीचे, रात्रपाळीचे, असे दिवसभर डबे आणि पंगती. संपात सगळ्यांची खाती थकली. गडी गावाला निघून गेले आणि आजीच्या वहीत नुसती नावं उरली. प्रेमा पुरव यांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात नेलं, म्हणून कित्येकजणी तगल्या.

हे का लिहिलं? गिरणीत घरं करायची म्हटलं तर ती एकटी इमारत नसते. चाळ, खानावळ, गाळा, भजनी मंडळ, गणपतीचा मांडव, हे सगळं दहा मिनिटांच्या चालीवर होतं, म्हणून सूतखातं चालायचं. लोवेलमध्येही मुलींच्या खोल्या गिरणीशेजारीच होत्या असं नमूनं लिहिलंय. आता गिरणीत घर करून आजूबाजूला सगळे टॉवर असतील, तर त्या घरातल्या माणसानं भाजी कुठून आणायची, मॉलमधून?

---

नॅशुआची_नमू

मालवणी_मसाला, प्रतिसाद आवडला. त्या वहीचा फोटो असेल तर टाका ना.

---

मालवणी_मसाला

वही मामाकडे आहे, कणकवलीला. गणपतीला गेले की बघते.

---

संपादक

विषयांतर सुंदर चाललंय म्हणून हात लावत नाही, पण भुतांच्या सोसायटीवर आणखी प्रतिसाद आले तर वेगळ्या धाग्यात हलवले जातील.

---

सिव्हिलवाला

मूळ प्रश्नाकडे येतो, आकडे मांडून. हे नुसतं उदाहरण आहे, कुठल्या एका गिरणीचं मोजमाप नाही.

समजा सूतखात्याची तीन मजली इमारत, २०० फूट लांब, ७० फूट खोल. मधून सहा फुटांचा पॅसेज काढला तर दोन्ही बाजूंना बत्तीस फूट खोलीची घरं. साडेतीनशे चौरस फुटांचं घर करायचं तर ते अकरा फूट रुंद होतं. म्हणजे आगगाडीचा डबा. पुढं खिडकी, मागं पॅसेज, मध्ये मोरी. एका बाजूला अठरा, दोन्ही बाजूंना छत्तीस, त्यातून जिने, लिफ्ट, शाफ्ट वजा केले की मजल्याला तीस धरा. तीन मजले, नव्वद घरं.

आता बोचणारा भाग. मुंबईच्या हवेत एकाच बाजूला खिडकी असलेलं बत्तीस फूट खोल घर म्हणजे घाम. नॅशुआत चालतं, तिथं उबेची अडचण असते. इथं आरपार वारा हवा. चाळीला तो असतो, कारण एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला गॅलरी. म्हणून मी असतो तर मन्यानं सांगितलं तसा मध्ये चौक कापला असता आणि चौकाला लागून गॅलरी फिरवली असती. दोनशे फुटांत दोन चौक. घरं नव्वदची साठ होतील, पण राहण्यासारखी. आणि चौकात गणपती बसेल.

उरलेलं साचेखातं: त्या छपराखाली भाजीबाजार आणि पाळणाघर. मालवणी_मसालाताईंचा प्रश्न तिथं सुटतो.

याच जागी टॉवर बांधला तर काय होतं ते लोअर परळला जाऊन मान वर करून बघा. सार्वजनिक वाहनतळाच्या बदल्यात जादा एफएसआय घेऊन काय उंची गाठतात ती. माझ्या साठ घरांशी त्याची बरोबरी कशी होणार? म्हणून अण्णा शेवटी जिंकतात. पण जिथं टॉवर होऊच शकत नाही, किंवा सरकारच मालक आहे, तिथं हे गणित वेगळं आहे. एनटीसीच्या शेवटपर्यंत चालू असलेल्या गिरण्या, टाटा मिल, पोदार, दिग्विजय, इंदू पाच नंबर, २०२०च्या टाळेबंदीपासून बंद पडून आहेत. मालक सरकार. तिथं कुणाला उत्तर द्यायचं आहे?

---

वकिलीणबाई

गणित सुरेख. पण त्या साठ घरांत कोण राहणार हे आधी लिहून घ्या, आणि नुसतं जाहिरातीत नको, करारात घ्या. नाहीतर मन्याच्या बेकरीची शाखा परळला निघेल. आणि आगीचा मार्ग. कमला मिलमधल्या पबच्या आगीत २९ डिसेंबर २०१७ला चौदा जीव गेले ते गच्चीवरच्या छपरांमुळे आणि अडलेल्या वाटांमुळे. जुन्या आवारात नवा वापर घुसवताना पहिली बळी जाते ती बाहेर पडायची वाट. सिव्हिलवाले, दोन चौक तसे दोन स्वतंत्र जिनेही.

---

सिव्हिलवाला

दोन नाही, तीन. आणि ते तेलकट लाकूड काढून टाकल्याशिवाय मी सहीच करणार नाही.

---

नॅशुआची_नमू

"कोण राहणार" यावर इकडची एक माहिती. ऐतिहासिक इमारतीची २० टक्के सवलत आणि अल्प उत्पन्नाच्या घरांसाठीची वेगळी करसवलत, या दोन्ही एकाच गिरणीवर घेता येतात. दुसरी सवलत घेतली की ठरावीक घरं ठरावीक उत्पन्नाच्या खालच्या कुटुंबांना, ठरावीक भाड्यात, अनेक वर्षं द्यावी लागतात. अशा गिरण्यांत ज्येष्ठ नागरिक, शाळेतले मदतनीस, नर्सिंग होममधले कर्मचारी राहतात. खिडकी त्यांनाही तेवढीच मोठी.

---

काळाचौकीकर

हेच हवं होतं! म्हणजे भिंत वाचवायचे पैसे आणि आत कोण राहणार याची अट, दोन्ही एकाच कागदावर. @बदली_कामगार, खरं सांगा. सिव्हिलवाल्यांच्या चौकातल्या साठ घरांत, सोडतीत वारसांना प्राधान्य देऊन, परळला घर मिळत असेल तर घ्याल? की वडलांसारखं नाही म्हणाल?

---

बदली_कामगार

परळला असेल तर भुताच्या शेजारीही घेईन. तेल खरवडून, चुना फासून द्या म्हणजे झालं. आई मात्र विचारतेय कितव्या मजल्यावर. तिला जिना चढवत नाही.

---

सिव्हिलवाला

लिफ्ट बसेल. कापसाच्या गाठी वर चढवायचा शाफ्ट बऱ्याच सूतखात्यांत असतो, त्यातच बसवू. आईंना सांगा, तळमजला मागायची गरज नाही. वरच्या मजल्यावर वारा जास्त.

---

आगाऊ_अण्णा

लिफ्टचा मेंटेनन्स तळमजल्याने भरायचा की नाही, यावर पहिल्या सोसायटी मीटिंगचं इतिवृत्त लिहायला मी आत्तापासून मोकळा आहे.